मलावीच्या मासळीवरून झालेलं आपलं भांडण

विजू,

अनघाने तुझी माहिती मागितली आहे. संस्थेच्या वार्षिक पुस्तिकेत तुझ्यावर चार ओळी छापायच्या आहेत. जन्म, शिक्षण, व्यवसाय, मागे कोण कोण. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, पस्तीसेक वर्षांच्या ओळखीत तुझी जन्मतारीख मी कधी विचारलीच नाही. शैलावहिनींना विचारली, तर त्या म्हणाल्या, "शाळेत घातलेली सांगू की खरी?" मग म्हटलं, वहिनी, तुम्हीच परस्पर अनघाला कळवा. मला जे लिहायचंय ते चार ओळींत बसणारं नाही, आणि त्यातलं निम्मं तर तुलाच सांगायचं राहिलंय.

आपली ओळख आगीमुळे झाली. तुझ्या लालबागच्या गाळ्यात आग लागली होती. माणसं वाचली, एक भिंत आणि दोन मशिनं गेली. मी विमा कंपनीत क्लेमचे कागद बघायचो. तुझ्या फॉर्मवर 'आग कशी लागली' या रकान्यात तू लिहिलं होतंस, 'माझ्या चुकीमुळे. थिनरचा डबा उघडा ठेवून मी वेल्डिंगला बसलो.' मी तुला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "एवढं लिहायची गरज नाही हो. कारण अज्ञात, असं लिहा."

तू म्हणालास, "अज्ञात कसं? मी होतो ना तिथे."

तुझा क्लेम बराच कापला गेला. पुढच्या आठवड्यात तू पुन्हा ऑफिसात आलास. मला वाटलं भांडायला आला. तू मला गाळ्यावर चहाला बोलवायला आला होतास. का, ते मी कधी विचारलं नाही. बहुधा तुझ्या भल्यासाठी खोटं बोलायला तयार झालेला परका माणूस तुला गंमतीचा वाटला असावा.

मग तीस-एक वर्षं आपण फक्त चहा प्यायलो, असं म्हटलं तरी चालेल. लग्नं, बारशी, तुझा गुडघा, माझी बायपास. मी रिटायर झालो, तू झाला नाहीस. आणि मग माझी भाची अनघा परळच्या त्या संस्थेत नोकरीला लागली.

ही संस्था आफ्रिकेतल्या अगदी लहान वयाच्या उद्योजकांना फेलोशिप देते, हे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू ग्राइंडर बंद केलास आणि विचारलंस, "लहान म्हणजे किती लहान?"

"पंधरा ते वीस."

"पंधरा वर्षांचा उद्योजक? सुध्या, आमच्याकडे त्याला हेल्पर म्हणतात."

मी तुला समजावलं. वर्षभर थोडा पैसा, थोडं शिक्षण, प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक, आणि वर्षाअखेरी सगळ्यांचे रिपोर्ट वाचून एकाला मोठं बक्षीस. आलेले अर्ज मी अनघासाठी वाचत होतोच, कागद वाचणं एवढंच मला येतं. पण त्या वर्षी मलावीतल्या एका मुलीचा अर्ज आला आणि तो माझ्या अकलेच्या बाहेरचा होता. वय सतरा, नाव थोको. मोठ्या तळ्याकाठचं गाव. तिथे बोटाएवढी मासळी मिळते, ती वाळूवर सुकवतात, तिच्यावर माश्या बसतात, वाळू लागते, निम्मी टाकून द्यावी लागते. थोकोने बांबू आणि प्लॅस्टिकचा एक लांबट तंबू केला होता, आत जाळीच्या फळ्या. गावातल्या बायका आपली मासळी आणून त्यात सुकवायच्या. अर्जासोबतचं चित्र तिने वहीच्या पानावर पट्टीने काढलं होतं. मी ते तुला दाखवलं. तू चष्मा कपाळावर चढवून तो कागद बराच वेळ बघत राहिलास.

"हिला हात आहे," एवढंच म्हणालास.

पण 'तूच तिचा मार्गदर्शक हो' असं मी म्हटल्यावर तू उखडलास. "माका ह्या जमाचा नाय. आणि बक्षिसं कसली देतात रे पोरांना?" मग त्या दिवशी पहिल्यांदा मला तू तुझ्या बक्षिसाची गोष्ट सांगितलीस. एकोणीस वर्षांचा अप्रेंटिस असताना तू लेथला लावायचं एक साधन बनवलं होतंस, प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला. हार, टाळ्या, फोटो. दुसऱ्या दिवशी तू साहेबाला विचारलंस, आता हे आपल्या खात्यात बसवूया का. साहेब म्हणाला, "जा, कामाला लाग." ते साधन कपाटावर पडून गंजलं.

"बक्षीस म्हणजे फोटो," तू म्हणालास. "फोटो काढून झाल्यावर पुढे काय झालं, हे कोण विचारतो?"

"मग तू विचार," मी म्हटलं. "त्यासाठीच माणूस हवाय त्यांना."

तुला माझ्याकडून असलं बरोबर उत्तर अपेक्षित नसावं. तू परत ग्राइंडर सुरू केलास. मी ते होकारासारखं धरलं आणि अनघाला कळवून टाकलं.

दर शनिवारी दुपारी साडेचार. तिच्याकडे तेव्हा एक वाजलेला असायचा. तुझ्या गाळ्याच्या टेबलावर टॅब उभा करून आपण दोघं बसायचो. तुझं इंग्रजी वर्कशॉपचं, तिचं शाळेचं. मला वाटलं होतं मला दुभाष्या व्हावं लागेल. पहिल्या शनिवारी अर्ध्या तासात मी निरुपयोगी ठरलो. ती हातात खिळा धरून दाखवायची, तू इकडून स्क्रू दाखवायचास. दोघंही हसायचात. ती तुला 'अगोगो' म्हणायला लागली. मी विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, आजोबा, पण कोणत्याही मोठ्या माणसाला मानाने म्हणतात. तू मला म्हणालास, "बघ, तुला अंकल म्हणते. तुला अजून मान मिळायचाय."

आपल्याकडे पौष-माघ असतो तेव्हा तिकडे पाऊस. त्या दिवसांत थोकोचं बोलणं कमी झालं. प्रश्न विचारला की हो, नाही, ठीक आहे. एका शनिवारी तू तिला म्हणालास, "सकाळी उठल्या उठल्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला हात लाव. ओला लागतो का कोरडा?"

ती म्हणाली, "ओला. तुम्हाला कसं कळलं?"

आणि तिने सगळं सांगितलं. तीन बायकांची आठवड्याची मासळी तंबूत आंबली होती. वरून प्लॅस्टिकला पाणी सुटून ते खाली टपकत राहिलं. त्यांतली एक तिची मावशी. आता गावात कुणी तंबूपाशी फिरकत नव्हतं. आणि वर्षाअखेरीचा रिपोर्ट महिन्याभरावर आला होता, ज्याच्यावर बक्षीस ठरणार होतं.

"अगोगो, रिपोर्टमध्ये पावसाआधीचंच लिहिलं तर?" तिने विचारलं. "ते खोटं नाही. तेव्हा मासळी चांगलीच सुकत होती."

तू विचारलंस, "त्या तीन बायकांना माहीत आहे ना काय झालं ते?"

"हो."

"मग लपवतेस कुणापासून?"

तेवढ्यात लाइन गेली. तिच्याकडे वीज जायची, ते नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी ती परत आली नाही.

आपलं भांडण तिथे सुरू झालं. आपण तीस वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, सतरा वर्षांची पोर आहे, तिला हरिश्चंद्र बनवू नकोस. बक्षीस मिळालं तर ती शिकेल, नीट शेड बांधेल, त्या बायकांचंही भरून देईल. एक परिच्छेद गाळल्याने कुणाचं काय बिघडतं? तू म्हणालास, "खुळो झालस काय? जे फसलं तेच शिकायचं असतं. तेच गाळलं तर उरलं काय, फोटो?" मी म्हटलं, "तुझा क्लेम कापला गेला तसा तिचा कापायचाय का तुला?" ते मी बोलायला नको होतं. तू हात पुसलेस आणि शटर अर्धं ओढलंस. ते मला जा म्हणणं होतं.

पण तू नुसता उपदेश करून बसणारा नव्हतास, हे मला मान्य करायलाच हवं. सोमवारी तू मला फोन केलास, जणू काही झालंच नाही. "चल, बाजारात जायचंय." परळच्या बाजारात शीव कोळीवाड्याच्या हिराबाई सुकी मासळी घेऊन बसतात. शैलावहिनी सोडे आणि जवळा त्यांच्याकडूनच घेतात. तू त्यांच्यासमोर उकिडवा बसलास आणि थोकोचं चित्र पसरलंस. हिराबाईंनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं.

"ही पोर कुठली?"

"आफ्रिकेतली."

"तिथं पन बोंबील असतंय?"

"नाही, बारीक मासा असतो. तळ्यातला."

हिराबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. "सगलं बंद केलंय हिनं. मासलीला घाम येतो, तो जायचा कुठून? वारा खालून शिरला पायजे आनि वरून गेला पायजे. आमी मोकल्यावर बांबूला टांगतो ते उगाच नाय."

एवढंच. तू परत येताना वाटेतच पत्रा घेतलास. दोन दिवसांत तू त्या तंबूची लहान प्रतिकृती उभी केलीस. खाली एका टोकाला जाळी लावलेल्या फटी, दुसऱ्या टोकाला वर पत्र्याचं धुराडं, त्याला काळा रंग. उन्हाने धुराडं तापलं की ते आतली ओली हवा वर ओढतं, हे तू मला उदबत्ती लावून दाखवलंस. धूर खालून आत गेला आणि वरून सरळ बाहेर आला. मग तू त्यात दोन किलो मांदेली घातलीस आणि ते सगळं गाळ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गच्चीवर ठेवलंस. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा बाइंडिंगवाला खाली आला. "परबसाहेब, माझ्या वह्यांना वास येतोय. शाळेची ऑर्डर आहे." तू त्याला वाळलेली मांदेली कागदात बांधून दिलीस. दोन दिवसांनी तोच विचारायला आला, अजून आहे का?

शनिवारी तू ती प्रतिकृती टॅबसमोर ठेवलीस. थोको वहीत उतरवून घेत होती. तिने एकच विचारलं, "पत्रा नसेल तर?" तू म्हणालास, "तेलाचे डबे कापून जोड." रिपोर्टबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. तिनेही नाही.

आता ते सांगतो जे तुला सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारी मी घरून, दादरहून, थोकोला फोन लावला. तुला न सांगता. कुंदा भिशीला गेली होती. मी थोकोला म्हटलं, अगोगो भला माणूस आहे, पण त्याला स्पर्धा कळत नाही. बाकीची मुलं फक्त चांगलं तेच लिहिणार आहेत. मी इतके अर्ज वाचले आहेत, मला माहीत आहे. तो परिच्छेद गाळ. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "थँक यू, अंकल." मी फोन ठेवला. आपण शहाणपणा केला असं मला वाटत होतं.

रिपोर्ट आला. अनघाने तो मला दाखवला. पहिल्याच पानावर होतं, 'पावसात माझ्या तंबूत तीन जणींची मासळी कुजली. चूक माझी होती. हवा बाहेर जायला मी वाट ठेवली नव्हती.' खाली नवं चित्र, धुराड्यासकट.

बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. चांगला मुलगा होता, कामही चांगलं होतं, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण थोकोच्या रिपोर्टवर एका परीक्षकाने शेरा मारला होता, 'उपक्रम अद्याप सिद्ध नाही.' ते वाचून माझं डोकं फिरलं. मी तुझ्याकडे आलो नाही. तीन शनिवार आलो नाही. तुला दोन निरोप पाठवले, दोन्ही खोटे. एकदा पाठ दुखतेय, एकदा पाहुणे आहेत. चौथ्या शनिवारी मी आलो तेव्हा तू खुर्ची पुसून पुढे केलीस आणि म्हणालास, "बस. पोरीने दोन तंबू उभे केलेत." मीही मग काही बोललो नाही. आपण पुन्हा पूर्वीसारखे बसायला लागलो. विषय मात्र तसाच राहिला.

तू गेलास त्या मंगळवारी मी आणि कुंदा हिंदमाताला साडीच्या दुकानात होतो. पुतण्याचं लग्न आहे. दुकानदार पदर उलगडून दाखवत होता आणि माझा फोन वाजला. वहिनी होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे गाळ्यावर शटर उघडायला वाकले ते उठलेच नाहीत." दुकानदार म्हणत होता, रंग पक्का आहे. मी त्याला हो म्हटलं. कुंदाने माझ्या हातातून फोन घेतला.

पुढचं सगळं इतरांनी केलं. मी फक्त कागद बघितले, सर्टिफिकेट, सह्या.

शनिवारी साडेचारला मी आणि वहिनी गाळ्यात टॅब लावून बसलो. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण मी तोंड उघडायच्या आतच थोकोने फोन फिरवला आणि दाखवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार तंबू. तेलाच्या डब्यांची धुराडी, काळी रंगवलेली. आत चांदीसारखी मासळी. बाजूला पाच-सहा बायका उभ्या. "ही माझी मावशी," ती म्हणाली. "आता हिचाच स्वतःचा तंबू आहे." मग तिने फोन परत स्वतःकडे केला. "अगोगो कुठे आहेत?"

मी सांगितलं.

तिने फोन खाली ठेवला. आम्हाला नुसतं आभाळ दिसत राहिलं, आणि लांबून बायकांचे आवाज. बऱ्याच वेळाने ती परत आली. तिची मावशी काहीतरी विचारत होती. थोको म्हणाली, "ती विचारते, त्यांना कुठे पुरलं?"

वहिनी मला म्हणाल्या, "सांगा, आमच्यात पुरत नाहीत. अस्थी समुद्रात सोडल्या." मी सांगितलं. तिकडे थोडं बोलणं झालं. थोको म्हणाली, "मावशी म्हणते, पाण्यातच ना? मग ठीक आहे."

तू गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.

विजू, आपला वाद मी मनात अजून घालतोच आहे. मला अजूनही वाटतं, बक्षीस थोकोला मिळायला हवं होतं. फोटोसाठी नाही. त्या वयात कुणीतरी मोठ्याने 'शाबास' म्हणणं ही लहान गोष्ट नाही, तू काहीही म्हण. तुला ते मिळालं होतं म्हणून तुला त्याची किंमत नव्हती. मला ते कधी मिळालं नाही. पण ते तिला खरं लिहूनच मिळायला हवं होतं, हेही आता वाटतं. दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात, हे आपल्यापैकी एकालाही त्या वेळी सुचलं नाही. तू खरेपणाच्या बाजूने ओरडत होतास, मी बक्षिसाच्या. परीक्षकांकडे कुणी बघितलंच नाही. मी अनघाला पत्र दिलंय. पुढच्या वर्षीपासून रिपोर्टमध्ये 'काय फसलं आणि का' असा रकाना घाला, आणि त्याला सगळ्यात जास्त गुण द्या. ती म्हणाली, कमिटीपुढे ठेवते. काय होईल माहीत नाही.

त्या शनिवारी वहिनी तोंड धुवायला गेल्या तेव्हा मी थोकोला म्हटलं, "मी तुला तेव्हा जो फोन केला होता, तो परिच्छेद गाळ म्हणून. ते मी विजूला कधी सांगितलं नाही. आता सांगता येणार नाही."

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, अंकल. त्याच दिवशी."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याच्यावर रागावू नकोस. तू जिंकावंस असं त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटतं. पण त्याचं ऐकू नकोस."

इतके महिने तुला माहीत होतं. माझ्या पाठदुखीच्या थापा ऐकल्यास, माझ्यापुढे चहा ठेवलास आणि एका शब्दाने मला लाज आणली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर दुसऱ्याच दिवशी बोलून मोकळा झालो असतो. मग समोरच्याला पश्चात्ताप वाटला असता, मला हलकं. तू ते दोन्ही होऊ दिलं नाहीस. रागवायला हवं होतंस रे एकदा तरी. मला माफी मागायची सोय झाली असती.

फोन ठेवायच्या आधी थोकोने विचारलं, पुढच्या शनिवारी येणार का? मी खरं तेच सांगितलं, की मला ड्रॉइंग कळत नाही, पत्रा कळत नाही, मासळी फक्त खाता येते.

ती म्हणाली, "मग मी सांगते, तुम्ही ऐका. कळलं नाही तर तसं सांगा."

मी हो म्हणालो.